तोरणाखालून न गेलेले बैल

मिशनचे गोरे साहेब मायदेशी परतले तेव्हा बंगल्याच्या किल्ल्या आणि ख्रिस्ती मंडळीचे नियम, दोन्ही गुरुजींच्या हातात देऊन गेले. किल्ल्या पुढे गंजल्या. नियमांना मात्र कधी गंज चढला नाही.

नवीन महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. वडनेर भोलजीच्या पलीकडे, काळ्या जमिनीतलं आमचं गाव. ख्रिस्ती घरं अगदी मोजकी, गावाच्या कडेला एका ओळीत, आणि ओळीच्या टोकाला पत्र्याचं प्रार्थनामंदिर. गुरुजी म्हणजे मिशनच्या शाळेतले निवृत्त शिक्षक आणि आमच्या मंडळीचे मुख्य पंच. जन्माने आमच्यासारखेच वऱ्हाडी, पण साहेबांच्या संगतीत राहून छापील मराठी बोलू लागलेले. बायकांनी केसांत फूल माळू नये, कुणी जत्रेला जाऊ नये, भजनाला ढोलकी वाजवू नये. पेटी चालेल, कारण पेटी साहेबाने बोटीतून आणलेली. ढोलकी सैतानाची आणि पेटी देवाची, हे कुणी ठरवलं, असं मी एकदा उपासना संपल्यावर सगळ्यांसमोर त्यांना विचारलं होतं. त्यांनी मला नम्रतेवर लांबलचक प्रवचन ऐकवलं, उत्तर काही दिलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ साहेबाचा होता आणि पीळ आमच्या गुरुजींच्या अंगात उतरला होता.

मी मॅट्रिक होऊन घरी होते. फटकळ होते, आजही आहे. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात मी, बाबा आणि आमची बैलजोडी. बाबा शास्त्र वाचायचे ते ओळीखाली बोट धरून, अडखळत. पण एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली होती, ती त्यांनी कुणालाही खोडू दिली नाही. ख्रिस्ताने आपल्याला सोडवलं ते मोकळं राहण्यासाठी, एका दावणीचं दावं काढून दुसऱ्या दावणीला बांधण्यासाठी नाही.

दावण म्हणजे काय हे त्यांना चांगलं माहीत होतं. आजोबांच्या काळी पोळ्याला आमच्या माणसांचे बैल तोरणाखालून जात नसत. गावचे सगळे बैल आंब्याच्या पानांच्या त्या तोरणाखालून मिरवत जायचे, आणि आमचे बैल झूल पांघरून, शिंगं रंगवून, वेशीच्या कडेला उभे. तोरण तुटलं, माणसं पांगली, की मग आमच्यांनी मुकाट्याने घरी जायचं. बाबांचा बाप्तिस्मा झाला त्यानंतरच्या पोळ्याला ते आपली जोडी घेऊन सरळ रांगेत जाऊन उभे राहिले. आरडाओरडा झाला. कुणीतरी कासरा ओढला. बाबा हलले नाहीत, बैलही हलले नाहीत. एक-दोन वर्षं लोक गुरगुरले, मग त्यांना सवय झाली आणि आम्हाला जागा झाली. माझ्या आठवणीतला पोळा हा असा, बाबा ताठ मानेने तोरणाखालून चाललेले.

तरी तो पोळा आमच्या पद्धतीचा होता. आदल्या दिवशी खांदमळणी व्हायची. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे घट्टे पडून काळे झालेले असायचे. बाबा पळसाच्या पानाने त्यांवर कोमट तूप आणि हळद चोळायचे, आणि सगळं गाव बैलांना म्हणतं तेच म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." सणाच्या दिवशी मी बैलांचे खूर धुवायची, पुरणपोळी चारायची. कुंकू लावत नसू. बाबा बैलांच्या मानेवर हात ठेवून देवाचे आभार मानायचे, मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असे. तोरणापाशी लोक झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून हर हर महादेवचा गजर करायचे तेव्हा ते गप्प असायचे, आणि पुढे मारुतीच्या पाराआधीच जोडी वळवून घरी आणायचे. कुणी काही म्हणायचं नाही. गावाला ते कळलं होतं, आमच्या गुरुजींना कळलं नव्हतं.

साहेब गेले त्या वर्षी, पोळ्याआधीच्या रविवारी, गुरुजींनी व्यासपीठावरून नवीन नियम सांगितला. जो कोणी विश्वासणारा आपले बैल तोरणाखालून नेईल, त्याने मंडळीसमोर उभं राहून पाप कबूल करेपर्यंत त्याला प्रभुभोजनाची भाकर मिळणार नाही. बैल बाळगणारी घरं आमच्यात दोनच, आणि दुसऱ्या घरचे बैल त्याच उन्हाळ्यात विकले गेले होते. म्हणजे नियम एकट्या बाबांसाठी होता. उपासना संपून बाहेर आल्यावर बाबा सरळ गुरुजींपुढे जाऊन उभे राहिले.

"गुरुजी, माह्या बापाचे बैल गावानं अडवले. आता माहे बैल तुमी अडवून राह्यले. मंग म्या बाप्तिस्मा काऊन घेतला?"

"आपण मूर्तिपूजेत सहभागी होता," गुरुजी म्हणाले. "नियम स्पष्ट आहे."

"आंब्याची पानं हायेत ते. पानाले काय देव म्हणतात? म्या हर हर म्हणत नाही, मारुतीपुढं जात नाही. बैलं देली कोणं? त्यानंच ना? मंग त्याच्या नावानं एक दिवस बैलाले मान देला तं त्याले राग येते का?"

गुरुजींनी वाद घातला नाही. वाद घालायला विचार करावा लागतो. "नियम स्पष्ट आहे," असं पुन्हा एकदा म्हणून त्यांनी छत्री उघडली आणि चालू लागले.

बाबा बैल घेऊन गेले. मी मुद्दाम केसांत फूल माळून त्यांच्यामागे वेशीपर्यंत चालत गेले.

प्रभुभोजन आमच्याकडे अधूनमधून व्हायचं, आमचे धर्मगुरू पाळकसाहेब जळगाव जामोदहून एस.टी.ने यायचे तेव्हा. गुरुजींच्या घरी गव्हाची पोळी भाजायची, मनुका उकळून द्राक्षारस करायचा. पाळकसाहेब आशीर्वाद द्यायचे आणि गुरुजी ताटली घेऊन बाकांमधून फिरायचे. त्या दिवशी बाबा पहाटेच आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, इतरांच्या कितीतरी आधी जाऊन बसत. त्यांना त्या भाकरीचं काय मोल होतं ते मला ठाऊक होतं. गावच्या लग्नात आमच्या माणसांना पंगत उठल्यावर, लांब बसवून वाढत. कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून बसायचं आणि एकाच पोळीचा तुकडा सगळ्यांच्या हातावर पडायचा, अशी बाबांच्या आयुष्यातली पहिली पंगत ही. बाप्तिस्म्याच्या पाण्याबद्दल ते फारसं बोलत नसत, पण त्या पहिल्या तुकड्याबद्दल कितीदा तरी बोलत.

पोळ्यानंतरच्या प्रभुभोजनाला ताटली आमच्या बाकापाशी आली. बाबांनी सवयीने हात पुढे केला. गुरुजींनी ताटली त्यांच्या हातावरून पलीकडे, माझ्यापुढे धरली. मी तुकडा घेतला नाही. मान फिरवली. घरी आल्यावर मला वाटलं बाबा माझी पाठ थोपटतील. ते माझ्यावरच तापले.

"जेवण त्याचं हाय, गुरुजीचं नाही. वाढप्यावर रुसून कोणी ताट लोटते का?"

"अन् तुमचं ताट?"

"माह्यं मी पाहीन. तू घेत जा."

त्यानंतर मी घेत गेले. माझ्या घशाखाली तो तुकडा कसा उतरायचा ते मलाच माहीत. बाबा दर वेळी पहाटे आंघोळ करून आधी जाऊन बसत आणि दर वेळी ताटली त्यांना ओलांडून जाई. गुरुजी बाहेर भेटले की गोड आवाजात म्हणत, "एक वाक्य बोला भाऊ, फक्त एक वाक्य." बाबा म्हणत, "खोटं वाक्य लहान असलं म्हणून खरं होत नाही, गुरुजी."

आता बुढीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. ती आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून राहायची. एकटी, चार शेळ्यांवर गुजराण. मंडळीत सगळ्यात नवी तीच. जन्मभर तिने मरीमायची सेवा केली होती, सेवा कसली, धाकच घेतला होता. शेळी आजारी पडली की मरीमाय कोपली, पाय मुरगळला की मरीमाय कोपली. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिने घरातला मरीमायचा शेंदूर फासलेला दगड बाबांच्या हातात दिला आणि बाबांनी तो नदीत सोडला. पुढे कितीतरी दिवस ती उंबऱ्याबाहेर पाय टाकताना आधी आकाशाकडे बघायची. बाबा तिला म्हणायचे, "माय, काही होत नाही. तो तिच्याहून मोठा हाय." हळूहळू तिचं बघणं थांबलं होतं.

त्या थंडीत तिच्या शेळ्यांना रोग लागला. एक गेली, दुसरी गेली. मग एका दुपारी बुढी आमच्या अंगणात येऊन बसली. तोंड उतरलेलं.

"भाऊ, म्या मरीमायले नारळ फोडून आली," ती म्हणाली.



"तुमी बैलं तोरणाखालून नेले, तुमाले काही झालं नाही. मंग म्या म्हटलं, मीबी एक नारळ फोडला तं काय बिघडलं? पण भाऊ, आता थे सोडत नाही मले. म्हणते, इतके दिवस कुठं होती? म्हणते, एका नारळानं भागत नाही."

तिने जेवण टाकलं होतं. मरीमायसाठी कडक उपास धरला होता. बाबांनी तिच्याजवळ बसून प्रार्थना केली, मी भाकर करून तिच्यापुढे ठेवली, पण ती भाकरीकडे न बघता रस्त्याकडे बघत होती. तिला त्या भीतीतून पुन्हा वर काढता काढता उन्हाळा उजाडला. रोज कुणीतरी तिच्याजवळ बसायचं, रोज तेच बोलायचं. गुरुजी एकदा आले, दुसरा देव मानू नको ही पहिली आज्ञा तिला पाठ म्हणायला लावली आणि तीच तिची कबुली धरून गेले. बाबा मात्र जेवताना मधेच थांबायचे, आणि मला कळायचं की त्यांच्या डोक्यात काहीतरी चाललंय.

दुसऱ्या वर्षीची खांदमळणी झाली. तूप, हळद, पळसाची पानं, आवतण, सगळं नेहमीसारखं. सकाळी मी शिंगांना रंग दिला, झुली बाहेर काढल्या. दुपारी बाबांनी बैलांना पुरणपोळी चारली, मानेवर हात ठेवून आभार मानले आणि खाटेवर बसून राहिले.

"बाबा, वाजंत्री वाजून राह्यली. निघा ना."

"यंदा नेत नाही."

मला वाटलं, माझ्या कानांचीच काहीतरी चूक झाली. मग कळलं तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला. "म्हंजे गुरुजीचंच खरं झालं! भाकरीसाठी मान टाकली तुमी!"

बाबा रागावले नाहीत. "गुरुजीनं अडवलं तवा म्या थांबलो का? भाकर गेली तवा थांबलो का? नाही थांबलो. आज मले कोणी अडवलं नाही, म्हून थांबून राह्यलो. माह्यासाठी थे आंब्याची पानं हायेत. पण त्या बुढीसाठी थे मरीमायकडं परत जायची वाट हाय. म्या तिकडून गेलो तं थे माह्या मागं येते. मोकळ्या माणसाले थांबताबी येते, बाई."

मला काही पटलं नाही. आजोबांना मिळाली नाही ती जागा बाबांनी कासरा ओढणाऱ्यांशी भांडून मिळवली होती, आणि आता शेजारच्या एका भित्र्या म्हातारीसाठी सोडून द्यायची? तेवढ्यात वेशीकडे निघालेली गावातली दोन-तीन माणसं आमच्या दारात थांबली. एकजण हसून म्हणाला, "काऊन गा, पंचाले भेला काय?"

"पंचाले नाही," बाबा म्हणाले. पुढे त्यांनी काही समजावलं नाही, आणि त्यांच्या हसण्याला मोकळी वाट दिली. मला ते हसणं सहन झालं नाही. मी बैलांची दावी सोडली, कासरा हातात घेतला. गावात बाईमाणूस पोळ्याला बैल नेत नसे, पण मला त्या दिवशी गाव, पंच, बाप, कुणाचंच ऐकायचं नव्हतं.

"म्या नेतो," मी म्हटलं.

"जा ना, तुले कोणी धरलं? पण बुढीच्या दारावरून जाशीन तवा तिच्या तोंडाकडं पाहून जाजो."

बुढीचं दार तर चार पावलांवर. ती उंबऱ्यात उभी होती. माझ्याकडे नाही, बैलांच्या शिंगांकडे बघत होती, आणि ओठ हलत होते. ती प्रार्थना करत होती का मरीमायला काही कबूल करत होती, कुणास ठाऊक. तिची बोटं मात्र पदराला घट्ट पीळ घालत होती, आणि ते मला दिसलं. मी कासरा धरून उभी राहिले. पुढे वाजंत्री वाजत होती. मला मनापासून राग येत होता, तिचा, बाबांचा, गुरुजींचा, स्वतःचा. मग मी बैल वळवले. माझ्या हाताने वळवले, आणि हे मी अजूनही ठासून सांगते. मला कुणी अडवलं नव्हतं.

बैल अंगणात आले तशी बुढी मागोमाग आली. बैलांना नमस्कार वगैरे काही केला नाही. बाबांसमोर उभी राहून तिने नुसतं विचारलं, "माह्यासाठी ठेवले?"

"हाव," बाबा म्हणाले. "बस, पुरणपोळी खाऊन जा."

ती बसली आणि पोटभर जेवली.

गुरुजींना आनंदाचं भरतं आलं. बातमी त्यांना वाऱ्यासारखी पोचली, पण अर्धीच. पाळकसाहेब आले त्या रविवारी, आशीर्वाद होऊन गुरुजींच्या हातात ताटली येताच, ते व्यासपीठाजवळ थांबले. "आज मंडळीत हर्षाचा प्रसंग आहे," ते म्हणाले. "आपल्या एका बंधूने आपली चूक ओळखून यंदा तोरणाला पाठ फिरवली. त्यांनी आता उभं राहून तेवढं सांगावं आणि प्रभूच्या मेजावर परत यावं."

बाबा उभे राहिले. धुतलेलं धोतर, हातात टोपी. मी मनात म्हणत होते, म्हणून टाका, एक वाक्य आहे, पोळा तर तुम्ही सोडलाच आहे, आता काय राहिलं? वर्षभर ती ताटली त्यांच्या हातावरून जाताना मी बघितली होती. मला माझ्या बापाच्या हातावर तो तुकडा पडलेला हवा होता, कसाही.

"गुरुजी, म्या चूक वळखली नाही," बाबा म्हणाले. "तोरणाखालून जाणं पाप नव्हतं, आजबी नाही. यंदा म्या गेलो नाही, थे एका माणसासाठी. मायेनं सोडलं. त्याले पश्चात्ताप म्हटलं तं थे खोटं होईन, अन् खोटं बोलून म्या त्याच्या पंगतीत बसणार नाही."

आणि ते खाली बसले.  गुरुजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं, पाळकसाहेबांनी हातातल्या पेल्याकडे बघितलं. मग गुरुजी ताटली घेऊन निघाले, बाकामागून बाक वाढत आमच्यापर्यंत आले आणि नेहमीप्रमाणे बाबांना ओलांडून मला तुकडा दिला. माझ्या मागच्या बाकावर बुढी होती. तिलाही दिला.

तुकडा हातात आल्यावर ती उठली. बाकांच्या कडेने चालत पुढे आली, बाबांच्या बाकापाशी थांबली आणि आपल्या तुकड्याचे दोन तुकडे केले. वर्षभर मी माझा तुकडा एकटीने गिळत होते आणि एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

"घ्या भाऊ," ती म्हणाली.

"बाई, खाली बसा," गुरुजी म्हणाले. "हे नियमात बसत नाही. असं कराल तर पुढच्या वेळी तुम्हालाही भाकर मिळणार नाही."

बुढीने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. 

"मरीमायले भ्याचं सोडलं म्या, गुरुजी," ती म्हणाली. "आता तुमाले भिऊ काय?"

बाबांनी दोन्ही हात पुढे केले आणि तो अर्धा तुकडा घेतला. सावकाश चावून खाल्ला. गुरुजी ताटली घेऊन पुढच्या बाकाकडे गेले. पुढच्या वेळी त्यांनी बुढीला खरंच ओलांडलं, तेव्हा मी माझ्या तुकड्याचे तीन केले. त्याच्या पुढच्या वेळी आणखी दोन बाकांवरून तुकडे पुढे करणारे हात आले. बाबा जिवंत होते तोवर गुरुजी त्या एका वाक्याची वाट बघत राहिले. बाबांनी ते कधी म्हटलं नाही, आणि त्या दिवसापासून ते पंगतीतून एकदाही उपाशी उठले नाहीत.